पोच मिळाली, पण माल पोचला का? सी भाषेतील लेखनाच्या पाच फंक्शनांचे परीक्षण

लिनक्सवर 'डेव्ह' या डिरेक्टरीत 'फुल' नावाची एक विलक्षण फाइल असते. तिच्यात काहीही लिहायला जा, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही, एवढेच उत्तर प्रत्येक वेळी मिळते. लेखनाची कोणतीही सेवा पारखायची असेल तर याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. म्हणून मी सी भाषेत अगदी छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात 'पुट्स' या फंक्शनने एक वाक्य छापायचे आणि 'मेन'मधून शून्य परत करायचे, एवढेच काम होते. त्याचे आउटपुट या भरलेल्या फाइलकडे वळवून तो चालवला. पुट्सने काम झाल्याचे कळवले, प्रोग्रामने शेलला शून्य, म्हणजे सर्व ठीक, असे सांगितले, आणि प्रत्यक्षात एकही बाइट कोठेही लिहिला गेला नाही. पडद्यावर तक्रारीचा एक शब्दही उमटला नाही.

ज्या सेवेचे परीक्षण मी येथे करत आहे ती अशी आहे. सी भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत, 'एसटीडीआयओ' या हेडरमध्ये, एकेक कॅरेक्टर किंवा स्ट्रिंग (कॅरेक्टरांची माळ) स्ट्रीमवर, म्हणजे फाइलीकडे वा पडद्याकडे नेणाऱ्या वाटेवर, लिहिणारी पाच फंक्शने मिळतात : एफपुटसी, पुटसी, पुटचार, एफपुट्स आणि पुट्स. गेली अनेक वर्षे ती मी रोज वापरत आलो आहे, त्यांच्यावर चिडलोही आहे, आणि तरीही दुसरे काही वापरावे असे क्वचितच वाटले आहे. मजकूर हव्या त्या मांडणीत छापणाऱ्या प्रिंटएफ या त्यांच्या लोकप्रिय भावंडाबद्दल सगळेच बोलतात, मात्र मांडणीची गरज नसते तेव्हा खरे काम ही पाचच करतात.

यांची घडण जुनी आहे. बेल लॅब्समध्ये माइक लेस्क यांनी 1970 च्या दशकात तयार केलेल्या इनपुट-आउटपुट पॅकेजवर पुढे संस्करण होऊन ही लायब्ररी सिद्ध झाली, 1979 च्या सेव्हन्थ एडिशन युनिक्सबरोबर ती सर्वदूर गेली आणि 1989 मध्ये अमेरिकी मानक संस्थेने सी भाषेचे स्टँडर्ड मंजूर केले तेव्हा त्यात तिला कायमची जागा मिळाली. त्या काळाच्या खुणा तिच्या अंगावर अजून आहेत, आणि वापरणाऱ्याला ज्या विचित्र गोष्टी आढळतात त्यांपैकी बहुतेकांचे मूळ तेथेच सापडते.

प्रथम एकेक कॅरेक्टर लिहिणाऱ्या तिघांकडे पाहू. एफपुटसीला एक कॅरेक्टर आणि एक स्ट्रीम द्यावी लागते. पुटसीही नेमके तेच मागतो आणि नेमके तेच करतो. पुटचारला स्ट्रीम द्यावी लागत नाही, कारण तो नेहमी स्टँडर्ड आउटपुटवरच लिहितो. एकाच कामासाठी एफपुटसी आणि पुटसी अशी दोन नावे का ठेवली असावीत, हा प्रश्न शिकताना प्रत्येकाला पडतो, आणि त्याचे उत्तर पुटसीच्या जुन्या मॅक्रोत, म्हणजे कंपाइल होण्याआधी कोडमध्ये जागच्या जागी उलगडणाऱ्या मजकुरात, आहे. स्ट्रीमच्या पोटात एक बफर, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवण्याची जागा, त्यात किती जागा उरली आहे याचा एक आकडा आणि पुढचे कॅरेक्टर कोठे ठेवायचे ते दाखवणारा एक पॉइंटर असे. पुटसीचा मॅक्रो उरलेल्या जागेचा आकडा एकने कमी करी, जागा असल्यास कॅरेक्टर पॉइंटरच्या ठिकाणी ठेवून पॉइंटर एक घर पुढे सरकवी, आणि जागा संपली असल्यासच बफर रिकामे करणाऱ्या फंक्शनला हाक मारी. म्हणजे शेकडो कॅरेक्टरांमागे एकदाच खरे फंक्शन चालायचे. त्या काळच्या यंत्रांवर फंक्शन बोलावण्याचा खर्च जाणवण्याइतका असल्यामुळे ही काटकसर अर्थपूर्ण होती.

मात्र याच काटकसरीतून एक सापळा तयार झाला, आणि तो स्टँडर्डच्या मजकुरात आजही जपलेला आहे. मॅक्रोमध्ये स्ट्रीमचा उल्लेख अनेकदा येत असल्याने पुटसीला स्ट्रीमच्या जागी दिलेली पदावली एकापेक्षा अधिक वेळा चालवली जाऊ शकते, अशी मुभा स्टँडर्डने दिली आहे. समजा, फाइलींचा एक ॲरे आहे आणि तुम्ही स्ट्रीमच्या जागी निर्देशांक वाढवत नेणारी पदावली लिहिली, तर निर्देशांक एकने वाढेल की तिनाने याची हमी कोणी देत नाही. कॅरेक्टरच्या जागी तीच करामत केली तर चालते, कारण मॅक्रोच्या कोणत्याही फांदीत कॅरेक्टर एकदाच वापरले जाते. एवढा बारकावा लक्षात ठेवण्यापेक्षा शंका असेल तेथे एफपुटसी लिहावे, असे माझे मत आहे. ते फंक्शन म्हणूनच वागते आणि त्याला दिलेले प्रत्येक आर्ग्युमेंट एकदाच तपासले जाते.

दुसरी जुनी खूण म्हणजे कॅरेक्टरचा टाइप. ही तिन्ही फंक्शने कॅरेक्टर घेतात ते 'इंट' म्हणून, मग त्याचे 'अनसाइन्ड कॅर'मध्ये रूपांतर करून लिहितात आणि लिहिलेले कॅरेक्टर पुन्हा इंट म्हणूनच परत करतात. चूक झाल्यास ईओएफ हा ऋण आकडा मिळतो. नवशिक्याला हा द्राविडी प्राणायाम वाटतो, परंतु त्यामागचा विचार पक्का आहे. एका बाइटमध्ये 0 ते 255 असे 256 आकडे मावतात आणि ते सर्व वैध असतात, तेव्हा 'चुकले' हे सांगायला दोनशे सत्तावन्नावा आकडा हवाच. परत आलेले मूल्य कोणी आळसाने साध्या 'कॅर'मध्ये साठवले, आणि त्या यंत्रावर कॅर चिन्हासह असला, तर 255 हा बाइट व्यवस्थित लिहिला जाऊनही तो उणे एक दिसतो आणि प्रोग्राम विनाकारण बोंब ठोकतो. हा दोष माझ्याच एका प्रोग्राममध्ये कित्येक महिने सुखाने नांदत होता. साध्या इंग्रजी मजकुरात 255 हा बाइट येत नाही, त्यामुळे तो कधी पकडला गेला नाही. एका चित्राची फाइल आली आणि पहिल्याच मिनिटाला पितळ उघडे पडले.

देवनागरीत लिहिणाऱ्याने या तिघांची परीक्षा स्वतःच्या लिपीवर घेतलीच पाहिजे, कारण तेथे 'कॅरेक्टर' या शब्दाचा खरा अर्थ कळतो. पुटचारला एकेरी अवतरणात 'क' दिला आणि जीसीसी या कंपायलरने कंपाइल केले. एका स्थिरांकात अनेक कॅरेक्टर आहेत अशी कुरकुर कंपायलरने केली, पण प्रोग्राम तयार झाला. चालवल्यावर क उमटला नाही, त्याच्या जागी टर्मिनलने अनोळखी बाइटसाठी राखून ठेवलेले चिन्ह दाखवले. कारण असे की, यूटीएफ-8 या युनिकोडच्या बाइट-मांडणीत क म्हणजे 224, 164 आणि 149 हे तीन बाइट आहेत. जीसीसीने तिन्ही एकाच इंटमध्ये रचले, पुटचारने त्या इंटचे अनसाइन्ड कॅर केले, आणि शेवटचा 149 तेवढा बाहेर पडला. एकेरी अवतरणात अनेक कॅरेक्टर कोंबण्याची मुभा सी भाषेत आलीच कशी, याचे उत्तर पुन्हा इतिहासात सापडते. सीच्या आधीच्या बी भाषेत पुटचारला एका मशीन-शब्दात मावतील तितके कॅरेक्टर एकदम देता येत, आणि त्या भाषेच्या जुन्या उदाहरणात 'हॅलो, वर्ल्ड' हे बारा कॅरेक्टर चार-चारांचे तीन तुकडे करून छापलेले आढळतात. सवय गेली, पण दार उघडेच राहिले.

आता हेच काम एफपुट्सकडे सोपवले. दुहेरी अवतरणात 'मराठी' हा शब्द दिला. वाचणाऱ्याला त्यात म, रा, ठी अशी तीन अक्षरे दिसतात, युनिकोडच्या हिशेबाने पाच चिन्हे होतात आणि यूटीएफ-8 मध्ये पंधरा बाइट. एफपुट्सला या तिन्ही मोजण्यांशी काही देणेघेणे नसते. शेवटचा शून्य बाइट येईपर्यंत जे मिळेल ते जसेच्या तसे तो पुढे ढकलतो, आणि टर्मिनल यूटीएफ-8 समजत असेल तर शब्द व्यवस्थित उमटतो. तीच स्ट्रिंग लूपमध्ये एकेक बाइट करून पुटसीने लिहिली तरीही शब्द अखंड येतो, कारण बाइटांचा क्रम मोडत नाही. चिन्हासह असलेल्या कॅरमध्ये 224 हा बाइट उणे 32 म्हणून राहत असला तरी अनसाइन्ड कॅरमध्ये रूपांतर होताच तो पुन्हा 224 होतो. आपल्या लिपीची गाठ पडेल हे स्वप्नातही नसलेल्या लोकांनी केलेली ही सोय पाहून मला दर वेळी समाधान वाटते. बाइटांना हात न लावण्याचा हा स्वभाव या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे.

रुंद, म्हणजे एका बाइटात न मावणाऱ्या, कॅरेक्टरांसाठी एफपुटडब्ल्यूसी, एफपुटडब्ल्यूएस अशी वेगळी मंडळी आहेत. परंतु एकदा एखाद्या स्ट्रीमवर बाइटांचे लेखन सुरू झाले की ती स्ट्रीम बाइटांचीच ठरते आणि तिच्यावर रुंद लेखन करता येत नाही. शिवाय लोकेल, म्हणजे प्रोग्रामची भाषा-लिपीची निवड, आधी नीट लावले नसेल तर हीच मंडळी देवनागरीपुढे हात टेकतात. यूटीएफ-8 मध्ये काम करणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो.

स्ट्रिंग लिहिणाऱ्या दोघांत, म्हणजे पुट्स आणि एफपुट्समध्ये, फरक स्ट्रीमचा आहे असे नाव पाहून वाटते. खरा फरक आणखी एक आहे, आणि तो नावातून अजिबात कळत नाही. पुट्स स्ट्रिंगच्या शेवटी स्वतःहून न्यूलाइन जोडतो, एफपुट्स जोडत नाही. पुटचार म्हणजे स्टँडर्ड आउटपुटवरचा पुटसी, हे समीकरण शिकलेला माणूस त्याच न्यायाने पुट्स म्हणजे स्टँडर्ड आउटपुटवरचा एफपुट्स असे धरून चालतो आणि फसतो. या विसंगतीलाही जोडीदार होता. वाचनाच्या बाजूला गेट्स ओळीच्या शेवटची न्यूलाइन काढून टाकी आणि एफगेट्स ती ठेवी. गेट्सने वाचावे आणि पुट्सने लिहावे, एफगेट्सने वाचावे आणि एफपुट्सने लिहावे, अशा जोड्या लावल्या की मजकूर होता तसा बाहेर पडत असे. गेट्सला बफरची मर्यादा कळत नसल्यामुळे तो धोकादायक ठरला आणि 2011 च्या स्टँडर्डमधून त्याला काढून टाकण्यात आले. जोडीदार गेल्यावर पुट्सचा हा स्वभाव आता निव्वळ लहर वाटतो.

आर्ग्युमेंटांच्या क्रमाबद्दलही एक तक्रार नोंदवतो. एफप्रिंटएफला स्ट्रीम पहिली द्यावी लागते, एफपुट्सला आणि एफपुटसीला शेवटी. इतक्या वर्षांनंतरही माझा हात अधूनमधून चुकतो. एफपुट्समध्ये क्रम उलटला तर दोन्ही पॉइंटरच असले तरी त्यांचे प्रकार वेगळे असल्याने कंपायलर लगेच हटकतो, एवढेच काय ते समाधान.

तरीही पुट्स आणि एफपुट्सची बाजू घेऊन एक गोष्ट ठामपणे सांगावी लागेल. बाहेरून आलेली स्ट्रिंग थेट प्रिंटएफच्या पहिल्या आर्ग्युमेंटात देणे हा सुरक्षेचा जुना आणि गंभीर दोष आहे, कारण त्या स्ट्रिंगमधील टक्केचिन्ह प्रिंटएफला आज्ञा वाटते. स्ट्रिंगमध्ये टक्के-एस असेल तर तो नसलेला पॉइंटर शोधू लागतो, आणि टक्के-एन असेल तर मेमरीत लिहूही शकतो. एफपुट्सला टक्केचिन्ह म्हणजे 37 क्रमांकाचा एक बाइट, त्यापलीकडे काही नाही. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर, फाइलचे नाव, कोठून तरी आलेला संदेश, असे काहीही छापायचे असेल तर एफपुट्सइतका निर्धोक पर्याय नाही.

जीसीसीलाही हे पटलेले दिसते. ज्या प्रिंटएफमध्ये केवळ स्थिर मजकूर आणि शेवटी न्यूलाइन असते आणि ज्याचे परत आलेले मूल्य कोणी वापरत नाही, तेथे हा कंपायलर गुपचूप पुट्स बसवतो. असेम्ब्ली उघडून पाहिल्यास प्रिंटएफचा मागमूसही दिसत नाही. एका कॅरेक्टरचा प्रिंटएफ असेल तर पुटचार येतो, आणि लांबी आधीच ठाऊक असलेल्या एफपुट्सच्या जागी एफराइट. बहुतेक वेळा ही अदलाबदल कळतही नाही, परंतु मला ती एकदा चांगलीच कळली. ग्नूच्या सी लायब्ररीतील प्रिंटएफला स्ट्रिंगऐवजी नल, म्हणजे कोठेही न दाखवणारा, पॉइंटर दिला तर तो कंसात 'नल' असा शब्द छापून वेळ मारून नेतो. माझ्या प्रोग्राममध्ये टक्के-एस आणि न्यूलाइन एवढाच फॉरमॅट होता, कंपायलरने तेथे पुट्स बसवला, आणि पुट्सला नल दिल्यावर प्रोग्राम तेथेच कोसळला. चूक अर्थातच माझी होती, कारण नल देणे दोन्हीकडे नियमबाह्यच आहे. पुट्सने ती झाकली नाही, एवढेच.

आता या परीक्षणाच्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे बफरकडे येतो. ही पाचही फंक्शने माल इच्छित स्थळी पोचवत नाहीत, ती तो स्ट्रीमच्या बफरमध्ये जमा करून घेतात आणि जमा केल्याची पोच देतात. माल पुढे केव्हा जाणार हे स्ट्रीमच्या प्रकारावर ठरते. पूर्ण बफर असलेली स्ट्रीम बफर भरल्यावरच माल पाठवते, ओळीचा बफर असलेली स्ट्रीम न्यूलाइन आल्यावरही पाठवते, आणि बफर नसलेली लगेच. स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलला जोडलेले असेल तर सामान्यतः ओळीचा बफर असतो, तेच फाइलकडे वा पाइपकडे वळवले की पूर्ण बफर होतो. चुकांच्या संदेशांसाठी असलेली स्टँडर्ड एरर मात्र कधीही पूर्ण बफरची नसते.

या व्यवस्थेचा लाभ फार मोठा आहे. दहा लाख कॅरेक्टर एकेक करून पुटसीने फाइलमध्ये लिहिले आणि बफर 4096 बाइटांचा असला, तर ऑपरेटिंग सिस्टिमला 245 वेळा हाक मारावी लागते. सेटव्हीबफने बफर बंद करून तोच प्रोग्राम चालवला तर दहा लाख वेळा. दोन्ही प्रकार चालवून पाहा, घड्याळाची गरज पडत नाही. एकेक कॅरेक्टर लिहिण्याची चैन परवडते ती केवळ या बफरमुळे.

लाभाची किंमत मात्र अशा ठिकाणी वसूल होते, जेथे आपले लक्ष नसते. एका मोठ्या प्रोग्राममध्ये प्रक्रिया कोठवर जाते ते पाहण्यासाठी मी जागोजागी एफपुट्सने 'येथे पोचलो' अशा खुणेच्या ओळी टाकल्या आणि स्टँडर्ड आउटपुट लॉग फाइलकडे वळवले. प्रोग्राम कोसळला, लॉग उघडला, तर तो कोरा. पहिली खूणसुद्धा उमटली नाही म्हणजे दोष अगदी सुरुवातीलाच आहे, असा निष्कर्ष काढून मी अख्खी दुपार सुरुवातीचे फंक्शन उलटेपालटे करण्यात घालवली. वास्तविक प्रोग्राम शेकडो ओळी पुढे जाऊन पडला होता. सगळ्या खुणा बफरमध्ये होत्या, आणि प्रोग्राम मेमरीच्या दोषाने पडतो तेव्हा बफर रिकामे करायला कोणी उरत नाही. अशा खुणा स्टँडर्ड एररवर लिहाव्यात किंवा प्रत्येक खुणेनंतर एफफ्लशने बफर रिकामा करावा, हे शहाणपण त्या दुपारनंतरचे.

फोर्कची, म्हणजे चालत्या प्रोग्रामची दुसरी प्रत काढण्याची, गंमत याहून न्यारी आहे. अहवालाचे शीर्षक पुट्सने छापून लगेच फोर्क करणारा एक प्रोग्राम टर्मिनलवर शीर्षक एकदा दाखवी आणि फाइलमध्ये दोनदा. टर्मिनलवर न्यूलाइन येताच बफर रिकामा होत असे. फाइलच्या बाबतीत भरलेल्या बफरसकट प्रोग्रामची प्रत निघे, आणि बाप-लेक दोघेही संपताना आपापला बफर इमानेइतबारे ओतून जात. फोर्कच्या आधी एफफ्लशला नल देऊन सर्व आउटपुट स्ट्रीम रिकाम्या करणे, हा एका ओळीचा उपाय आहे. तो कोणाला आधी सुचल्याचे मी पाहिलेले नाही.

अनेक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे धागे, असलेल्या प्रोग्राममध्ये प्रत्येक पुटसी स्ट्रीमचे कुलूप लावतो आणि काढतो. एका कॅरेक्टरसाठी एवढा सोपस्कार महागात पडतो, म्हणून पोझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकाने पुटसी-अनलॉक्ड हा कुलूप न लावणारा प्रकार दिला आहे. तो वापरायचा तर आधी एफलॉकफाइलने कुलूप स्वतः लावावे. एकाच थ्रेडच्या प्रोग्रामला त्याचीही गरज नाही. मोठ्या लूपमध्ये हा बदल जाणवतो, छोट्या कामात त्याच्या मागे लागू नये.

विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये उघडलेल्या फाइलीत 10 क्रमांकाचा प्रत्येक बाइट जाताना 13 ला सोबत घेऊन जातो. मजकुरासाठी ते ठीक आहे, चित्रासाठी घातक. फाइल उघडताना मोडमध्ये 'बी' लिहिले की प्रश्न मिटतो.

राहिली गोष्ट परत येणाऱ्या मूल्याची, आणि येथे मी या सेवेवर नाराज आहे. पुट्स आणि एफपुट्स यशस्वी झाल्यास ऋण नसलेली कोणतीही संख्या परत करतात. शून्यही चालते, एकही चालतो, प्रत्येक लायब्ररीची तऱ्हा वेगळी. त्यामुळे शून्य म्हणजे अपयश किंवा शून्य म्हणजे यश, असे धरून लिहिलेला कोड एका यंत्रावर चालतो आणि दुसऱ्यावर रुसतो. तुलना ईओएफशीच करावी. पण ती केली तरी काय हाती लागते? सुरुवातीच्या कसोटीत मी पुट्सचे मूल्य ईओएफशी ताडून पाहिले होते, ते ईओएफ नव्हते. डिस्क भरलेली आहे हे बफर ओतताना कळते, आणि छोट्या प्रोग्राममध्ये बफर ओतला जातो तो मेन संपल्यावर, जेव्हा तुमचा कोड ऐकायला उरलेलाच नसतो. प्रत्येक एफपुट्सभोवती 'इफ' घालून कोड गबाळा करणाऱ्यांना मी म्हणूनच सांगतो की, तो खटाटोप चुकीच्या दारात चालला आहे. चूक झाल्याची खूण स्ट्रीमवर टिकून राहते, ती पुढच्या यशस्वी लेखनाने पुसली जात नाही. तेव्हा निवांतपणे लिहीत जावे आणि शेवटी एकदाच कडक तपासणी करावी : आधी एफएररने जुनी खूण विचारावी, मग एफक्लोजचे मूल्य पाहावे, कारण उरलेला बफर तेथेच ओतला जातो. ग्नू कोअरयुटिल्स या लिनक्सवरच्या मूलभूत आज्ञांच्या संचातील साधने हेच करतात. प्रोग्राम संपताना चालणारे एक फंक्शन ती आधीच नोंदवून ठेवतात, आणि ते स्टँडर्ड आउटपुट बंद करून काही बिघडले असल्यास तक्रार छापते. म्हणून त्यांपैकी फाइलींचा मजकूर छापणाऱ्या कॅटला भरलेल्या डिस्कवर लिहायला लावले तर तो गप्प बसत नाही.

मीही तसेच सात-आठ ओळींचे एक फंक्शन लिहून मेनच्या सुरुवातीला 'ॲटएक्झिट'ने नोंदवले आणि तोच प्रोग्राम पुन्हा डेव्ह-फुलकडे वळवला. या वेळी स्टँडर्ड एररवर जागा नसल्याचा संदेश आला आणि शेलला एक मिळाला. एक अडचण या फंक्शनातही आहे, आणि ती सांगायला हवी : ॲटएक्झिटमधून पुन्हा एक्झिट म्हणण्यास स्टँडर्डची मनाई आहे, त्यामुळे तेथे अंडरस्कोर-एक्झिट वापरावे लागते, आणि त्याआधी बाकीच्या स्ट्रीम स्वतः रिकाम्या कराव्या लागतात.

एवढे करूनही एक टप्पा उरतो. एफक्लोज यशस्वी झाला म्हणजे बाइट ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात गेले, डिस्कवर कोरले गेले असे नव्हे. त्या क्षणी वीज गेली तर ते हरवू शकतात. तेथवरची खात्री हवी असेल तर एफफ्लश झाल्यावर आणि फाइल बंद करण्यापूर्वी एफसिंक बोलवावा लागतो. तो पोझिक्सचा आहे, सीच्या स्टँडर्ड लायब्ररीचा नाही, म्हणून त्या उणिवेचे गुण मी या पाच जणांच्या खात्यातून वजा केलेले नाहीत.